एकाच कागदातली दोन पुस्तकं

...बरं, कागद तरी वेगळा घालायचा! पण नाही. इथे जपानात, आमच्या मोरिओका गावात नदीकाठी ते पुस्तकांचं दुकान आहे ना, तिथली बाई कुणी काहीही विकत घ्या, त्याच राखाडी कागदाचं वेष्टण घालणार, कडा नखाने दाबणार आणि दोन्ही हातांनी तुमच्या हातात देणार. का, तर तुम्ही काय वाचताय ते शेजारच्याला दिसू नये. पद्धत चांगली आहे हो! माझ्यासारख्याला तर देवच पावला. पण दोन माणसांनी आपापली पुस्तकं एकाच स्टुलावर ठेवली तर? कुठलं कुणाचं? याचा कुणी विचार केलाय? मी केलाय. एक अख्खा आठवडा दुसरं काही केलंच नव्हतं!

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हापासून मामाच्या हाताखाली तातामी बनवतो, त्या जमिनीवर घालायच्या जाड गवती चटया. आता चटईशी काय बोलणार? म्हणून तर मला एनोकिदा मालकांचं कॉफीचं दुकान आवडलं. जॅझच्या रेकॉर्डी, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि भिंतीवर पाटी : रेकॉर्ड चालू असताना बोलू नये. स्वर्ग! पण मग गिऱ्हाईक बसून करणार काय? वाचतं. सगळे वाचतात. सगळे वाचत असताना मी एकट्याने काय बशीकडे बघत बसायचं? मग मीही एक पुस्तक न्यायला लागलो.

कुठलं? सांगतो... हसू नका. ‘फौजदार बेडूक’. आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. अहो, आमची अक्षरं हजारो, पण त्यात अवघड अक्षराशेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो, मला तेवढंच झेपतं... आणि बेडूक हुशार आहे हो! टोपी घालतो, शेवाळाचा चहा पितो, चोर पकडतो. सहा भाग संपवले होते, सातवा चालू होता.

कुणाला कळलं? कुणाला नाही. वेष्टण! उलट मी हळू वाचतो ना, एकेका पानाला दहा-दहा मिनिटं, तर मालक नव्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून कानात सांगायचे, "तो कुसाका बघा. काय खोल वाचत असेल!" मग मी पान आणखीच हळू उलटायचो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता मालक रेकॉर्ड थांबवतात, खुर्च्या गोल मांडतात आणि एक तास बोलायची मोकळीक. विषय एकच : सध्या काय वाचताय? मियाबेताई बोलते, ती इस्पितळात नर्स आहे. ओगुरा गुरुजी बोलतात, ते निवृत्त मुख्याध्यापक. आणि माझी पाळी आली की मी संडासात. तीन वर्षं! मियाबेताईला माझ्या पोटाची काळजी लागलेली, प्रत्येक वेळी म्हणायची, "अरे, एकदा तपासून घे रे!"

पण गेल्या महिन्यात मालकांनी जाहीर केलं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन महिने उभं राहता येणार नाही. मग रेकॉर्ड कोण लावणार? तुम्हाला सांगतो, त्या सुईला मालकांशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, त्यांच्या बायकोचासुद्धा! आणि मालक म्हणाले, "जो नीट वाचतो तो नीट ऐकतो. येत्या पहिल्या रविवारी तुमचं सगळ्यांचं बोलणं ऐकेन, मग सांगेन." आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! रात्री झोपेत माझा हात हवेत तरंगायला लागला, सुई धरल्यासारखा. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

आणि बरोबर त्याच्या आधीच्या रविवारी ही स्टुलाची भानगड! स्टोव्हशेजारी एकच स्टूल, त्यावर माझं पुस्तक, गुरुजींचं पुस्तक. आकार तोच, कागद तोच, जाडीसुद्धा तीच, कारण बेडकाचं पुस्तक चित्रांनी फुगलेलं! घरी येऊन उघडलं... तर बेडूक नाही. एकही चित्र नाही! शून्यावरचं पुस्तक. कुणा जुन्या विद्वानाचं. गुरुजी तीन वर्षं दर महिन्याला ज्याच्यावर बोलतात ना, "शून्य म्हणजे पोकळी नव्हे, शून्य म्हणजे भांडं!"... तेच.

म्हणजे बेडूक गुरुजींकडे! आता ते सगळ्यांना सांगणार!

भीत भीत पानं चाळली. अकराव्या पानावर लाल रेघ : शून्य म्हणजे पोकळी नव्हे, भांडं. तिथेच वाचखुणेची फीत. फीत उचलली तर खाली पानावर तिचा वळ उठलेला, इतकी वर्षं ती तिथेच! आणि बारावं पान? कोरं करकरीत. तेरावं? छापखान्याचा वास. शेवटपर्यंत वास! म्हणजे गुरुजी... तीन वर्षं... अकरा पानांवर?

हे मला कशाला कळावं? मी कुणाचं काय वाईट केलंय?

सोमवारी कॉफीच्या दुकानात गेलो, गुरुजी नाहीत. मंगळवारी नाहीत. सबंध आठवडा नाहीत! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. घरी नेऊन द्यावं? पण काय म्हणू? ‘हे तुमचं शून्य, माझा बेडूक द्या’? मामा ओरडला, "चटईची कड वाकडी गेली! लक्ष कुठाय?"

आणि रविवार उजाडला.

गुरुजी आले. काखेत राखाडी पुस्तक. माझ्याकडे बघेनात. बरोबर समोर बसले. मियाबेताईने सुरुवात केली. दीपगृहातल्या कुणा म्हातारीची गोष्ट वाचतेय म्हणे. "इतकं रडू येतं ना, ड्यूटीवर पेशंटच मला रुमाल देतात!" सगळे हसले. मी हसलो नाही. स्टोव्हवर किटली खदखदतेय, माझ्या मांडीवर शून्य, त्यांच्या मांडीवर बेडूक, आणि मालक म्हणाले, "हं, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. घातला. "आधी कुसाका बोलू दे," म्हणाले.

मी संडासाकडे बघितलं. दारात मियाबेताईची खुर्ची!

उभा राहिलो. गुडघा टेबलाला आपटला, कप नाचले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि खरं सांगू? मनात आलं होतं. एक वाक्य पुरे होतं, ‘गुरुजी, बाराव्या पानावर काय आहे?’ झालं! सुई माझी! पण समोर ते गुरुजी, बोटांनी वेष्टणाची कड घट्ट धरून बसलेले, नखं पांढरी पडलेली... माझ्याच्याने नाही झालं हो.

"मी," म्हटलं, "मी ‘फौजदार बेडूक’ वाचतो. भाग सातवा. लहान मुलांचं आहे. मला मोठ्यांचं वाचता येत नाही."

मियाबेताईच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला, तो तिने रुमालात दाबला. मालक खाली बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं! सुई गेली, दुकानातला माझा कोपरा गेला, आता आयुष्यभर चटया!

तेवढ्यात गुरुजी ओरडले, "चोर कोण ते सांगू नकोस! मी एकशे बाराव्या पानावर आहे!"

मला तरी कुठे ठाऊक होतं? पुस्तक आठवडाभर त्यांच्याकडे!

"गुरुजी," मालकांनी हळूच विचारलं, "आणि ते शून्य?"

"थांबेल," गुरुजी म्हणाले. कान लाल झालेले. "तीन वर्षं अकराव्या पानावर थांबलंय, आणखी थांबेल. एनोकिदा, अहो, तो बेडूक पावलांच्या ठशांवरून ओळखतो! मी चार रात्री जागलोय!"

मग जे हसले सगळे! ताईने तर तोच रुमाल गुरुजींना दिला. मालकांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "सुई कुसाकाकडे. रेकॉर्डवर ओरखडा पडला तर हा निदान सांगेल. गुरुजी, रागावू नका, पण तुम्ही तीन वर्षं पहिलीच बाजू लावाल."

मला मिळाली! सुई, मला! सुखाने मरायचाच बाकी होतो... तर मालकांनी पुढचं वाक्य टाकलं, "आणि ऐक, सुईवाल्याच्या हातात पुस्तक नको. कान सुईवर."

आता शनिवार-रविवार दुपारभर मी उभा. समोर सगळे बसलेले, सगळ्यांच्या हातात राखाडी वेष्टण, आणि तुम्हाला सांगतो, प्रत्येक वेष्टणात बेडूक! त्या पुस्तकांच्या दुकानातल्या बाईला वाटतंय, गावात पोरं एकाएकी वाढली. माझं पुस्तक? गुरुजींनी संपवून मियाबेताईला दिलं, ताईने आणखी कुणाला. रेकॉर्ड चालू असताना बोलायची बंदी आहे, चोर कोण ते कुणी सांगू शकत नाही, एवढाच काय तो माझा आधार. पण रेकॉर्डची बाजू पालटावी लागतेच ना! दर वीस मिनिटांनी अर्धं मिनिट शांतता, आणि तीही मीच माझ्या हातांनी करायची. काल सुई उचलली, रेकॉर्ड पालटतोय, तेवढ्या अर्ध्या मिनिटात ताई सबंध दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, टपालवालाच चोर निघाला की!"

काय करणार... ओरखडा न पाडता सुई टेकवली.