गयामावशीची चाफ्याची फांदी

आमच्या शेजारच्या गयामावशीचा कुणावर म्हणून इश्वास नव्हता. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, पण पाणी टँकरचंच. त्या दुष्काळात माझ्या अंगणातला चाफा फुलला, अंगावर एक पान नसताना.

मावशी कुंपणावरून म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू झाडाला पाणी घालायलीस?"

"शपथ मावशी, थेंब घातला न्हाई. चाफा असाच फुलतो."

"हाव, मी येडीच हाय!"

तिला पटावं म्हणून मी फांदी तोडून दिली. बजावलं, "लावा, पण पाणी घालू नका."

पंधरा दिवसांनी काळी पडलेली फांदी घेऊन मावशी दारात. "सडकी दिलीस मला!"

"पाणी घातलंत?"

"रोज घागरभर! तू थेंब न्हाई म्हणलीस, तवाच वळखलं, घागर घालतीस म्हणून!"