अर्जाला जोडलेला नमुना

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील खाणीच्या कामासाठी बालाघाटला आले, दगड फोडता फोडताच गेले आणि त्यांच्या जागी दादा लागला. त्याच्या कमाईवर मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन, आणि लामत्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. पण मला लिहायचे होते. कथा-कविता नव्हे, यंत्र कसे चालवावे, काय केले तर माणूस मरतो, ते. नागपूरच्या एका कारखान्याला खाणकामाच्या पुस्तिका लिहिणारे कोणी हवे होते. मी अर्ज केला. उत्तर आले, पदवी ठीक आहे, लिखाणाचे नमुने पाठवा.

नमुने कुठून आणणार? मीच तयार करायला बसले. परसवाड्याच्या धानगिरणीचा पट्टा कसा चढवावा, शाळेतले आम्ल कसे पातळ करावे. लिहायचे, वाचून दाखवायचे, ऐकणाऱ्याने ऐकले तेवढेच करायचे. तो चुकला तर वाक्य माझे चुकले. पण कारखान्याला खाण हवी होती, आणि खाण आमच्या घरातच बसली होती.

काय सांगू तुम्हाला, दादाचा उजवा हात मनगटापासून गेलेला. भोकात भरलेल्या पण न उडालेल्या सुरुंगाच्या बारावर पहार पडली होती. त्याचा जोडीदार मंगरू जागीच फाटला, त्याला टोपलीत गोळा करून आणला. मंगरूनेच घाई केली, असे दादा सांगायचा, आणि आम्ही सगळे मंगरूच्या बायकोलाही तेच सांगत आलो होतो.

दुपारी तो जेवत असताना मी विचारले, दादा, त्या दिवशी वात पेटवल्यावर नेमके काय काय झाले, क्रमाने सांग. त्याने थाळीच माझ्या तोंडावर मारली. डाव्या हाताने केस धरून मला भिंतीवर आपटले. माहा हात विकून नौकरी घेतं काय वं? वहिनी मधे पडली, अवो सोडा, मरन ना थे, तर तिच्या पोटात लाथ. मी म्हटले, मार दादा, पण सांग. तेव्हा तो किंचाळला, म्या मोजले ना बार! जितक्या वाती तितके आवाज आले! त्यातला एक बाजूच्या खदानीतला होता, म्या आपला समजलो, मंगरूले म्हटलं जाय, मोकळं हाय!

आमच्याकडे रीतच ती. दगडाआड बसून आवाज मोजायचे, वातींइतके भरले की आत शिरायचे.

ओठातून रक्त गळत होते, ते पदराने पुसून मी लिहिले: आवाज मोजून आत जाऊ नका. शेजारच्या खाणीचा बार तुमच्या मोजणीत येतो. प्रत्येक भोक मुकादमाने पाहिल्याशिवाय पहार उचलू नका. नाव कोणाचेही घातले नाही. माझ्या रिवाजाप्रमाणे वाचून दाखवले, दादालाच. तो म्हणाला, बराबर हाय. पाठोव. अन् मले तोंड दाखवू नको.

त्याच नमुन्यावर मला घेतले. मी नागपूरला आले, आता हेच काम करते. वहिनी मागे येऊन सांगून गेली, दादा आपणहून मंगरूच्या बायकोकडे गेला, खरे ते बोलला; तिच्या दिराने त्याला काठीने फोडून काढले, याने हात आडवासुद्धा घातला नाही. माझे नाव मात्र तो अजून शिवीशिवाय घेत नाही. घेऊ दे. शिव्या द्यायला का होईना, माझा भाऊ पुष्कळ जगो.