सकाळच्या तासाचं एकच गिऱ्हाईक

समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आपल्या जाहिरात संस्थेचे संचालकसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आपल्या मजकूर विभागाचे प्रमुख, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. दमले आहे. महिनाभर पंखे, साबण आणि सदनिका विकल्यावर माणसाविषयी चांगलं बोलायला शब्द उरत नाहीत. सगळे कुठल्या ना कुठल्या साबणाला लावून झालेले असतात. तरी उभी राहिले आहे, तर सांभाळून घ्या.

हे भाषण काल मी आपल्या हिशेबनीस बाईंना वाचून दाखवलं. पाहुण्यांसाठी सांगते, आमच्याकडे ही पद्धतच आहे. सकाळी खऱ्या कामाला हात लावण्याआधी मास्तर टेबलावर एखादी वस्तू आणून ठेवतात. झाडू, कुलूप, चहाची गाळणी. कुणीही विकायला न सांगितलेली. तिची जाहिरात आम्ही लिहायची आणि हिशेबनीस बाईंच्या टेबलाशी उभं राहून मोठ्यानं वाचायची. बाईंना जाहिरातीत काडीचा रस नाही. ऐकता ऐकता ज्या शब्दाला त्या पुन्हा कॅल्क्युलेटरकडे वळतात, तिथे पेन्सिलीनं रेघ. रेघेच्या खालचं सगळं नव्यानं लिहायचं. वाद नाही, रडारड नाही.

काल त्या ‘दीपस्तंभ’ या शब्दाला वळल्या. म्हणून या भाषणात मास्तर दीपस्तंभ नाहीत. वटवृक्षही नाहीत, तो मी आपण होऊन काढला.

माझ्या पहिल्या सकाळी टेबलावर बादली होती. मी साहित्य शिकून आलेली. लिहिलं, ‘तुमच्या स्वप्नांना सामावून घेणारी.’ मास्तरांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अगं, गळते का ही?”

“नाही, मास्तर.”

“मग ते सांग की. स्वप्नं कशात भरायची ते लोक बघतील. आणि हे लिहिलंस कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“सगळे कुठे राहतात? मला तर कधी भेटले नाहीत. एक माणूस धर. त्याचं तोंड डोळ्यांसमोर आण, मग लिही.”

मी माझ्या आत्याला डोळ्यांसमोर आणलं. तिचं मनगट दुखायचं. लिहिलं, ‘भरली तरी एका हातानं उचलता येते, कारण ती मुद्दाम लहान केली आहे.’ हिशेबनीस बाईंनी मान वर केली आणि विचारलं, “कुठे मिळते?” इतक्या वर्षांत मला मिळालेला मोठा पुरस्कार म्हणाल तर तोच.

घरीही यांचं हेच चालतं, असं वहिनी सांगतात. “मी म्हणते, दूध संपलंय. तर हे म्हणतात, वा, एक शब्द जास्त नाही. आणि दूध काही आणत नाहीत.”

या सरावानं मी सुधारले का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. पूर्वी वाईट वाक्य छापून आल्यावर कळायचं, आता लिहितानाच कळतं. म्हणजे त्रास लवकर सुरू होतो. यालाच सुधारणा म्हणत असतील तर झाली.

आता जे बोलणार आहे ते इथे बोलावं की नाही, यावर मी बराच विचार केला. साहेबांनी गुप्त ठेवायला सांगितलं नव्हतं, हे दोनदा आठवून पाहिलं. साहेबांनी मला मास्तरांची जागा देऊ केली आहे, आणि सकाळचा हा सरावाचा तास बंद करायला सांगितला आहे. “बाई, ते लिहिणारं यंत्र चहा निवायच्या आत दहा मजकूर देतं,” ते म्हणाले, “आणि तुम्ही झाडूवर लिहीत बसता.” मी मास्तरांकडे गेले. ते खण रिकामा करत होते.

“मास्तर, काय करू?”

“मला काय विचारतेस? मी सुटलो.”

पण परवा सकाळी आम्ही जमलो तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं. मास्तरांनी रिकाम्या टेबलावर बोट आपटलं. “आज हा तास विक. गिऱ्हाईक कोण, ते तुला ठाऊक आहे.”

तेव्हा साहेब, हे भाषण सगळ्यांसाठी नाही. तुमच्यासाठी आहे.

मास्तरांचा नियम असा की दोष आधी सांगायचा. सांगते. या तासाचे पैसे कुणी देत नाही. त्यात लिहिलेलं एकही अक्षर छापलं जात नाही. शिकणारा चिडतो, शिकवणारा थकतो, आणि गुण येईल याची हमी मी देऊ शकत नाही. पण यंत्राच्या त्या दहा मजकुरांतले नऊ ऐकताना हिशेबनीस बाई कुठे मान फिरवतील, हे कळायला एक कान लागतो. तो आमच्याकडे याच टेबलाशी तयार झाला. दुसरीकडे कुठे होत असेल तर मला माहीत नाही.

जागा आणि तास यांतलं एकच द्यायचं असेल, तर साहेब, मला तास द्या. जागेवर दुसरं कुणी बसवा. वस्तू मी घरून आणीन. ज्यांना यायचं ते येतील. कुणी आलं नाही तर मी आणि हिशेबनीस बाई पुरे आहोत.

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मघापासून मी त्यांच्याकडेच बघून बोलते आहे. आत्ता त्यांनी पर्सची चेन उघडली. म्हणजे रेघ इथे.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला काही लागलं असेल तर ते माझं, मास्तरांचं नव्हे. मोठ्या मनानं सोडून द्या. रेघेच्या खाली मास्तरांच्या कौतुकाचे दोन परिच्छेद होते. ते राहिले. मास्तर, तुम्हीही तेच कापले असते.