दुबई ते मुंबई, तीन घंटे

— आनखी दोन लाद्या? अन काल नेल्या त्या? विरघळतीनच ना बावा, वैशाख हाय, बर्फाले काय समजते कोणाची वाट पाहून राहिले ते! बस हेमंत, बस त्या पोत्यावर. तुझे बापूजी गेले परवा सकाळी, आज तिसरा दिवस — किती ठेवतं माणसाले बर्फावर? गजानन येऊन राहिला म्हणतं. दुबईवरून. थोरला हाय, आग त्यानंच द्यावी — समजलं रे, समजलं. तार काय आली त्याची? ‘निघालो.’ परवा दुपारी. मंग कुठी हाय तो?

काय म्हणतं? विमानालेच दोन दिवस लागते? कोण सांगे? — दत्तू! आमचा धाकटा दत्तूच सांगन, दुसरं कोण! साऱ्या सौंसरले सांगत फिरते, त्याचा रघुनाथदादा, म्हंजे मी, दोन दिवस विमानात बसून होतो म्हून.

तीन घंटे! तीन, हेमंत. दुबई ते मुंबई बाराशे मैल — जेवाले देते, ताट उचलत नाही तं खाली मुंबई. तिथून रातची गाडी, सकाळी नागपूर, अन नागपूरवरून आपली छिंदवाड्याची बस. निघाला असता तं काल सांजेलेच तुमच्या बोरगावात, घरी राहिला असता.

मंग मी दत्तूले काऊन सांगत नाही? मोठा वकील झाला बे तू! ... आमची माय गेली तवा मी तिथंच, दुबईले होतो, एक्क्याऐंशी साली. दत्तूची तार भेटली. फोरमननं सुट्टी देली — खोटं कायले बोलू, देली होती. पण सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरा उभा, हे पाहिलं होतं ना मी! म्हून ‘निघालो’ अशी तार ठोकली अन कामावर गेलो. माय तीन घंट्यावर पडली होती अन मी सळाखी बांधत होतो. इकडं दत्तू ह्याच दुकानातून बर्फ नेऊन राहिला, तवा दुकान दुसऱ्याचं होतं. जामसांवलीच्या मारोतीले नारळ बोलला — भाऊ सुखरूप येऊ दे म्हणे! तीन दिवस ठेवलं मायले. मंग लोकायनं जबरदस्ती उचललं.

अन सहा महिन्यांत हाकललंच मले तिथून. दत्तू बसवर घ्याले आला. एक शब्द रागाचा नाही. फक्त पुसलं, दादा, किती वेळ लागते रे विमानाले? म्हटलं, दोन दिवस — अर्ध्यातून वापस फिरलो, मायचं उरकलं असंन म्हून. रडला गळ्यात पडून. मानलं त्यानं, अजून मानते! त्याचीच चीड येते मले, एखाद्या दिवशी शिव्या तरी द्याव्या लेकानं.

नाही येत गजानन. तुलेही माहीत हाय. ठेव, ठेव ते बर्फासाठी आणलेलं पोतं खाली — नाही देत मी बर्फ. सांज व्हायच्या आत आग दे, धाकटा असला तरी. अन तुझ्या मायनं, कलाकाकूनं पुसलं तं... तं दोन दिवस सांग. विमानाले दोन दिवस लागते, पोराचा काही कसूर नाही. रघुनाथनं सांगितलं म्हण, तो जाऊन आला हाय.

पाहतं काय माझ्या तोंडाकडं? जाय!