हळदीची बदली

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, कोरडवाहू गाव, पण आमच्या न्हाणीच्या मागं सांडपाण्यावर आंबेहळद अशी माजायची म्हणता, की आई त्यात उभी राहिली तर तिचा नुसता पदर दिसायचा. त्या हळदीचं, वाळ्याचं, संत्र्याच्या सालीचं आई दिवाळीला उटणं करायची, सगळी आळी मागून न्यायची. मला वाटायचं बाईचं घर म्हणजे मागं हळद पाहिजेच. आणि लग्न कुणाशी झालं, तर फौजीशी.

आता हळद लावायची पावसाच्या तोंडाला आणि काढायची संक्रांत झाल्यावर, पानं वाळली की. पोस्टिंग काय हळद बघून येतं का? पठाणकोटला लावली, दसऱ्यात ऑर्डर आली. झाशीला लावली, पानं कमरेला लागली आणि पुन्हा ट्रंका बांधा. मागून आलेल्या बाईनं ती काढली असेल, भाजीत घातली असेल आणि म्हणाली असेल, हिला कैरीचा वास कसा येतो. काय सांगू तुम्हाला, ट्रकमध्ये बसले की मला क्वार्टरचं काही वाटायचं नाही, हळदीचं वाटायचं. हे म्हणायचे, अगं, देशभर हळद लावत चाललीयेस, सरकारनं तुला मेडल द्यायला पाहिजे. असे आमचे हे, हवालदार होते पण घरात सुभेदार.

मग मी शिकले. कोरफड, तुळस, वाळा, जे डब्यातून उचलून नेता येतं तेवढंच लावायचं. तुपाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून माझी बाग बनलेली, सामानात पहिली ती चढायची. उटण्याची हळद गावाहून यायची.

शेवटचं पोस्टिंग दिल्लीचं, हे तिथंच रिटायर झाले, एका ऑफिसात सिक्युरिटीला लागले आणि आम्ही मयूर विहारला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. खिडकीखाली मातीची पट्टी होती, सोसायटीचीच, पण कुणी विचारत नव्हतं. पहिल्याच पावसाला मी गावाहून आणलेलं बेणं लावलं. उटणं तर मी करतेच, दिवाळीला इथली मराठी माणसं घेऊन जातात, थंडीत फुटलेल्या टाचांना मेण-तूपही देते मी करून. वरच्या मजल्यावरच्या खन्नाभाभी तर उटणं बारा महिने लावतात, दिवाळीबिवाळी काही नाही. म्हणतात, भाभीजी, हमारे यहाँ इसे उबटन कहते हैं, पर आपके वाले में कुछ और ही बात है.

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नोटीस लागली, पट्टीवर फरशा टाकून गाड्या लावणार, जागा रिकामी करा. दुसरी कोणी असती तर भांडली असती, निदान विचारलं असतं की कधी, कशाला. मी नोटीस वाचली आणि फावडं घेतलं. सवयच ती, ऑर्डर आली की बांधाबांध करायची, वाद घालायचा नसतो. सकाळच्यात निम्मी पट्टी उकरली, कोवळे गड्डे, नखानं सोललं तर पाणी सुटावं असे, डब्यांत भरत होते. रडत नव्हते हं, पण नाक वाहत होतं.

तेवढ्यात खन्नाभाभी धावत खाली आल्या. भाभीजी, ये क्या कर दिया आपने? सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या सगळ्यांशी भांडून आल्या होत्या, जागा त्यांच्याच दुसऱ्या गाडीला मिळणार होती, ती त्यांनी सोडून दिली होती आणि फरशांचं रद्द करून घेतलं होतं. म्हणाल्या, गाडी रस्त्यावर उभी राहील, हल्दी नहीं हिलेगी. आणि इथं मीच ती हलवून बसले होते. मी फावडं बाजूला टाकलं.

हे बाहेर आले, सगळं ऐकलं. गुडघे दुखतात त्यांचे, तरी खाली बसले आणि एकेक गड्डा मातीसकट उचलून पुन्हा लावायला लागले. पाणी घातलं, पाला पसरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आता आपल्याला कुणी उठवणार नाही गं, सुमन. एवढ्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही, खरंच सांगते. भाभींसमोर मला लाजल्यासारखं झालं.

लावलेल्यातली थोडी गेली, बाकीची जगली. धुक्यात पिवळी पडली, आता पानं पार वाळून आडवी झालीत. संक्रांत होऊन गेली. तुम्ही आलात तेव्हा विचारलंत ना, की काकू, अजून काढली का नाही? रोज सकाळी चहा घेऊन खिडकीत उभी राहते, बघते, आणि म्हणते, उद्या काढू. भाभी विचारतात, हे विचारतात. असू दे की, मातीत बरी आहे. देव भलं करो सगळ्यांचं, मला आता कुठं जायचंय?