औषधाची डबकी आन् माही सुजाता

माहं माहेर नेरडीगोंड्याकडलं, सडकेले लागून गाव, आन् सासर इकडं भीमपूरच्या अंगाले, पैनगंगेच्या काठावर, नदी ओलांडली का महाराष्ट्र. नाव वच्छला. पण लहानपणी वच्छला कोणी म्हनलंच नाई, जाडी म्हनत. बाप मालकाच्या वावरात फवारणी करे, माय कापूस येचे, तीन भाऊ असे वाळलेले का अंगात सदरा ठरत नव्हता, आन् त्याइच्यात मी एकटी गुबगुबीत. काय सांगू तुमाले, गरिबाच्या घरात जाड पोरगी म्हंजे लोकाले वाटे का चोरूनच खाते. मायसंगं मालकाच्या घरी भांडे घासाले गेली का मालकीण दुधाची गंजी उचलून वरच्या फळीवर ठेवे. माय म्हने, बाई, माही पोरगी अर्धी भाकर खाते वो. कोणाले पटे? मंग मी तोंडाची तिखट झाली. कोणी जाडी म्हनलं त मी म्हनो, हो, हाय जाडी, तुह्या बापाचं खाल्लं काय. थे तिखटपण अजून गेलं नाई, तुमी लिहून घ्या तसंच.

लग्न झालं, माणूस चांगला भेटला, दारू नाई, मारझोड नाई. त्याले एकच नाद, डबकी. डबकी म्हंजे कापसावर मारायच्या औषधाची रिकामी कॅन, पांढरी, जाड पिलास्टिकची, घट्ट झाकणाची, आपटली तरी फुटत नाई. आमच्याकडं तिले लय मान. फवारणी चालू असतानीच लोक सांगून ठेवत, मालक, रिकामी झाली का मले द्या. आन् धुवावं त म्या. अख्ख्या मोहल्ल्यातल्या बाया माह्याकडं डबक्या आणून देत. आधी राखेनं, मंग निरम्यानं, मंग लिंबाचा पाला घालून पाणी भरून उन्हात ठेवायची, आन् मंग नाक लावून पाहायचं. वास गेला म्हंजे जहर गेलं, एवढंच आमाले कळे. मंग आमचा माणूस तिले चहूकडून पोत्याचा तुकडा शिवे, पोतं ओलं केलं का पाणी असं गार, का वावरात सारे आमच्याच डबकीवर तुटून पडत. पाणी तिच्यात, ताक तिच्यात, आंबील तिच्यात, घरी तेलबी तिच्यातच.

सुजाता पोटात होती तवा मी फवारणीवर पाणी आणून देवो. डिरममधी औषध ओतायचं, काडीनं ढवळायचं, पंप भरून द्यायचा, हे बायाचंच काम. सातव्या महिन्यापर्यंत केलं. पोरगी झाली तवा बारीकच होती, मंग शाळेत जायले लागली आन् हळूहळू अंग धरायले लागली. म्या पायलं आन् वळखलं, कारण का हे मी आधी पायलेलं होतं, सोताच्या अंगावर. तीबी अर्धीच भाकर खाये.

माही सासू वाईट नाई, तुमाले पहिले सांगून ठेवतो. पण तिनं उपाशी दिवस काढले, आन् अंगावर मास दिसलं का तिले वाटे कोणाच्या तरी वाट्याचं गेलं. पोरगी सातवीत गेली तवा तिनं भाकरीची टोपली सोताजवळ घेतली. म्हने, हे अशीच फुगली त बायको करन कोण हिले? मी म्हनो, आत्याबाई, मले कोणी केलंच ना. थे म्हने, तुह्या टायमाले डोळे झाकून करत. घरातले हसत, मीबी हसो. पोरगी हसत नव्हती, हे मले उशिरा दिसलं.

मंग मांगच्या सालची सीतादही. आमी बुद्धाचे लोक, सीतादही आमची नाई, पण ज्याच्या वावरात येचतो त्याचा दहीभात आमचाबी. कापसाची पहिली येचणी निघाली का मालकीण झाडाले हळदकुंकू लावते, दहीभात शिंपते, आन् मंग साऱ्या येचणाऱ्या बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून पानावर थोच दहीभात खातेत. सुट्टी होती म्हनून सुजाताबी आलती. मालकीण वाढत वाढत तिच्यापाशी आली, आन् माह्या सासूनं पोरीच्या म्होरचं पान वढून घेतलं. म्हने, हिले नोका वाढू, हिच्याजवळ सालभराचं साठवलेलं हाय. साऱ्या बाया खदखदून हसल्या. पोरगी रडली नाई. उठली, कमरेले कापसाची वटी बांधली आन् येचायले लागली. म्या माहं पान तिच्याकडं नेलं त म्हने, भूक नाई.

तवापासून तिले भूकच नाई. घरी म्हने शाळेत खाल्लं, शाळेत म्हने घरी खाल्लं. मंग एक दिवस शाळेतून फोन आला, परार्थनेच्या लायनीत पोरगी पडली. पळत गेली. मॅडम तेलुगूवाली, थे मले म्हने, एमी तिनलेदंट अम्मा, म्हंजे काहीच खाल्लं नाई म्हनते. माही पोरगी, बाप्पा, अंगानं एवढी, आन् भुकेनं पडली. हे कोणाले सांगितलं त खरं तरी वाटन काय? मले माही माय आठवली, अर्धी भाकर खाते वो, अर्धी भाकर खाते. म्या तिथंच ठरवलं का आता लोकाले पटवतच नाई बसायचं, डाक्टरले इचारायचं.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डाक्टरीण जवान होती, मराठी समजे तिले, हिंदी-मराठी मिसळून बोले. रगत तपासलं, काय काय तपासलं, म्हने याच्यात काही बिमारी नाई निघाली. मंग खाणंपिणं इचारायले लागली, आन् पोरगी पाणी प्यायले माह्या पिशवीतली लहानी डबकी काढते. डाक्टरणीनं हातातलं सारं ठेवलं. म्हने, ये क्या है? मी मोठ्या डौलात सांगतलं, औषधाची हाय, पण मी धुतली हाय, पाहा नाक लावून. तिनं खरंच नाक लावलं. म्हने, वास तर नाही. पण वास गेला म्हणजे जहर गेलं असं नाही.

मंग तिनं सांगतलं, आन् मले समजलं थे मी माह्या बोलीत सांगतो. भूक कवा लागावी, पोट कवा भरावं, चरबी कुठं ठेवावी, हे अंगात कोणतरी कोणाले निरोप देत असते. गावात कोतवाल दवंडी देते ना, तसं. आता कोतवालच्या नावानं दुसराच कोणी भलतंच वरडत फिरला त लोक भलतीकडंच जातीन. काही औषधं, काही पिलास्टिक, असे खोटे कोतवाल अंगात सोडते. लेकरू पोटात असतानीबी सोडते. मी इचारलं, म्हंजे याच्यानंच माही पोरगी जाड झाली? तिनं लपवलं नाई. म्हने, असू शकते, पण याच्यानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, घराणं असते, खाणं असते, झोप असते, सारं मिळून असते. पण पोरगी चोरून खात नाही, हे लिहून देते. आन् उपाशी ठेवून त काहीच ठीक होणार नाही. मंग मी भडकली, का म्हंजे माही चूक काय, म्याच धुतल्या साऱ्या गावाच्या डबक्या. थे म्हने, ताई, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. बाहेर येऊन पायरीवर बसली आन् पदर तोंडात घालून रडली, एवढंच, मंग उठली.

घरी आली आन् इळ्यानं साऱ्या डबक्याइले भोकं पाडले. जाळू नोको म्हने डाक्टरीण, धूर अजून वाईट, म्हनून पोत्यात भरल्या, पोतं गोठ्यामांगं पडलं हाय, न्यायले कोणी येऊन नाई राह्यलं. एकच उरली, पोतं शिवलेली, थे आमचा माणूस छातीशी धरून बसला. म्हने, सारं गाव पेते, सारं गाव काऊन जाड नाई झालं? सवाल बरोबर होता त्याचा. म्या म्हनलं, एकाच पंपाचं औषध एका तासावर, म्हंजे एका ओळीत, कापूस जाळते आन् बाजूच्या तासाले काही होत नाई, हे तू सोता पायलं ना? मंग त्यानंच तिले भोक पाडलं. भाकरीची टोपली मी सासूजवळून घेतली आन् घराच्या मधात ठेवली. आत्याबाईले म्हनलं, ज्याले भूक त्याचा हात. म्हातारी आठ दिवस माह्याशी बोलली नाई.

टोपली ठेवणं सोपं होतं वो, पोरीचा हात तिच्यात घालणं कठीण. घास घ्यायच्या आधी आजीच्या तोंडाकडं पाहे. सालभर पाहे. कधी खाये, कधी उठून जाये. मी काही म्हनलं नाई, फकस्त तिच्या बाजूले बसून पोटभर खाल्लं. जाड माय जाड पोरीच्या बाजूले बसून खाते, पाहा म्हनलं कोणाले पाहायचं थे.

आता परवा यंदाची सीतादही झाली. मालकीणबाईनं ताक डबकीतच आणलं होतं, म्या डोक्यावर माठ नेला. बाया हसल्या, वच्छलाबाई नवरी झाली म्हने. म्या म्हनलं, हसा, पण पेसान तवा याच्यातलंच पेजा. उन्हं चढले आन् साऱ्या माठावरच आल्या. दहीभात वाढला. सुजाताच्या पानावरबी पडला. तिनं आजीकडं पायलं नाई. खाली मान घालून सारं खाल्लं, पान चाटूनपुसून साफ केलं, आन् मंग मान वर करून, साऱ्या बाया ऐकत असतानी म्हनली,

आई, अजून वाढ.

कोणी हसलं नाई. माह्या आधी माह्या सासूचाच हात भाताच्या गंजाकडं गेला. बारीक झाली काय पोरगी, तुमी इचारसान. नाई झाली. होईन, नाई होईन, मले माहीत नाई, डाक्टरणीलेबी माहीत नाई. पण कोणाचं तोंड पाहून घास घेणं तिनं सोडलं. माह्या मायले पाहायले भेटलं असतं त बरं झालं असतं. खुशाल राहो माही लेक, जाड राहो का बारीक, पोटभर जेवून राहो.