चौथी भिंत

दौंड स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा रेल्वेवाला आणि न्हावऱ्याचा एक शेतकरी पॅसेंजरची वाट बघत बसले होते. म्हाताऱ्याच्या नखांत चुना होता.

“योहानमामा, क्वार्टर सोडलं का?”

“न्हाई रं तात्याबा. रिटायर झालो, पण खोली चुना मारूनच परत द्यावी म्हणलं. तीस वर्सांचा धूर आमच्याच चुलीचा.”

“एका खोलीला कितीसा येळ? माझं घर मी एका दिसात पांढरं केलं.”

“म्हणून तुझ्या भिंतीचे पोपडे निघाले. पहिला हात वाळल्याबिगर दुसरा द्यायचा न्हाई. दिसाला एकच भिंत घ्यायची, आन् दुपार झाली की कुंचा खाली ठेवायचा.”

“म्हंजी दोन हातांचे आठ दिस.”

“आज एकोणिसावा हाय.”

“आरं द्येवा! भिंती किती हायेत?”

“चारच. चौथीला दुसरा हात तेवढा राहिलाय.”

“मामा, ह्या चैताच्या उन्हात चुना घटकंत वाळतुय की.”

“वाळतुय.”

“मग मरियममामी काय म्हणत न्हाईत?”

“म्हणती ना. रोज सकाळी उठून त्या भिंतीला हात लावती आन् म्हणती, अजून वली हाय.”